निरंक

कोठीमामांनी पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. समोर वरच्या कार्यालयाचा छापील तक्ता होता. गेल्या वर्षीच्या सरकारी अनुदानातून पोलीस ठाण्याला चार बुलेटप्रूफ जाकिटे मिळाली होती. त्यांचा उपयोग किती झाला, एवढेच शेवटच्या रकान्यात भरायचे होते.

रकाना जेमतेम बोटभर. पण मामा एकतीस वर्षे ठाण्याची कोठी सांभाळत होते आणि खोटे अक्षर त्यांनी कधी लिहिले नव्हते. छत्रीवर पाऊस पडला, तर छत्रीचा उपयोग झाला म्हणायचे. जाकिटांवर तर अजून एकही गोळी आली नव्हती. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले, ‘निरंक’. साहेबांनी न वाचताच खाली सही ठोकली.

गोळी येणार तरी कशी? जाकिटे कपाटाबाहेर आलीच नव्हती. दोन वर्षे अर्जांवर अर्ज केल्यावर ती मिळाली, तेव्हा मामांनी ती तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन आत नेली. वर जुनी चादर घातली, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. गस्तीला निघताना कोणी मागितलेच, तर मामांचे उत्तर ठरलेले असे. घामाने कुजतील, चिखलाने माखतील, मग वेळेला काय घालाल? ती वेळ कोणती, हे मात्र मामाच ठरवणार. गोळीपासून वाचवणाऱ्या जाकिटांना गोळ्यांचाच पहारा, असे ठाणेभर सांगत सुटणारी मामांची स्वतःची मुलगी होती.

ती त्याच ठाण्यात शिपाई होती. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघेच. वर्दी अंगावर चढली, की तीही इतरांसारखी त्यांना ‘कोठीमामा’च म्हणायची. तिनेही दोनदा जाकीट मागून पाहिले होते. तिला तर मामा मुळीच दाद देत नसत. लोक म्हणतील, लेकीसाठी बरी कोठी उघडते.

तक्ता गेला. महिन्याभराने अंगणात एक जीप येऊन थांबली. ड्रायव्हरच्या हातात पत्र होते. आपल्या ठाण्यात जाकिटांचा उपयोग निरंक असल्याने ती अन्य गरजू ठाण्याकडे वळवण्यात येत आहेत. मामांनी चारही जाकिटे झटकून, मोजून दिली. वासाने ड्रायव्हरने नाक मुरडले. मामांनी त्याच्याकडून ‘जशीच्या तशी मिळाली’ असा शेरा लिहून घेतला. त्या शेऱ्याचा, खरे सांगायचे तर, त्यांना थोडा अभिमानच वाटला.

चौथ्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. लाकडाच्या वखारीच्या छपरावर एक माणूस शिकारीची बंदूक घेऊन चढला होता आणि खाली दिसेल त्याच्यावर छर्रे उडवत होता. भावाभावांचे भांडण, वखार कोणाची यावरून. ठाण्यात तेव्हा साहेब, दोन शिपाई आणि मामांची मुलगी, एवढीच माणसे. ती पट्टा आवळत कोठीच्या खिडकीशी आली आणि सवयीने म्हणाली, “कोठीमामा, आज तरी द्या.”

मग तिलाच आठवले. ती दाराकडे वळली.

मामा रिकाम्या कपाटाकडे बघत उभे राहिले. आत डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा उरला होता. त्यांना आपल्या भरतीच्या वेळचे म्हातारे हवालदार आठवले. तेव्हा वेताची ढाल सोडली, तर अंगावर घ्यायला काही नव्हते. दंग्याला निघताना हवालदार सदऱ्याखाली जुन्या वह्या बांधायचे आणि नव्या पोरांना सांगायचे, सरकारी कागदातून आजवर काही पार झालेले नाही. पोरे हसायची. मामाही हसले होते.

टेबलावर कोठीचे रजिस्टर पडले होते. चारशे पानी, जाड पुठ्ठ्याचे, कापडी बांधणीचे. ते खोलीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही, हा नियम मामांचाच. मामांनी ते उचलले, धावत जाऊन लेकीला दारात गाठले, तिच्या छातीशी ते उभे धरले आणि दप्तरे बांधायच्या नाडीने करकचून बांधले.

“अहो, सरकारी वस्तू आहे ही,” ती हसायला गेली. “फाटली तर?”

“फाटू दे.”

तिचे हसू तिथेच थांबले. “येते बाबा,” ती म्हणाली. वर्दीत असताना तिने त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटले.

दिवे लागायच्या सुमाराला ती परत आली. माणूस हाती लागला होता. तिच्या दंडावर ओरखडा होता, बाकी काही नाही. तिने नाडी सोडून रजिस्टर टेबलावर ठेवले. पुठ्ठ्याला पाच भोके पडली होती. मामा एकेक पान उलटत गेले. भोके लहान लहान होत गेली आणि एकशे बाराव्या पानावर छर्रे अडकलेले सापडले. ते पान जाकिटांचे होते. त्यावर काहीतरी नोंदवायला मामांनी पेन उचलले, पण लेकीने ते हळूच काढून घेतले आणि पाण्याचा पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मामांनी वरच्या कार्यालयाला खरे ते कळवले. रजिस्टर, नग एक, निकामी. कारण, छर्रे. उपयोग, झाला. तरी जाकिटे परत मिळावीत, ही विनंती. या वेळी साहेबांनी कागद वाचून सही केली.

उत्तर आठवड्याच्या आत आले. इतके चटकन आलेले उत्तर ठाण्याने कधी पाहिले नव्हते. मामांना चष्मा सापडेना, म्हणून लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवले.

‘आपल्या ठाण्यात रजिस्टरचा उपयोग सिद्ध झाल्याने, संरक्षक साहित्याच्या पुढील अनुदानातून आपणास जाड पुठ्ठ्याची चार रजिस्टरे मंजूर करण्यात येत आहेत. उपयोगाचा दाखला वेळेत पाठवावा.’