काचेवरचा अंगठा

भुकटीबाईंनी तळ्याकाठच्या पंपघराच्या काचेवर काळ्या भुकटीचा ब्रश फिरवला आणि एक चिमुकला अंगठा उमटला. अशी भुकटी लावून बोटांचे ठसे घेता घेता बाईंची हयात गेली होती, म्हणून पोलीस खात्यात त्यांना हे नाव पडलेलं. त्यांनी हरवलेल्या मुलीची चित्रांची वही काचेशेजारी धरली. सात वर्षांच्या पोरीने शाईच्या अंगठ्याने मुंग्यांची रांग काढली होती. रेघ न् रेघ जुळली.

“म्हणजे मिटलंच,” इन्स्पेक्टर म्हणाले. “रविवारी घरून रुसून निघाली, इथं आली, आणि...” पुढचं त्यांनी तळ्याकडे हात करून सांगितलं. पोरीच्या चपला तिथल्या पायरीवर सापडल्याच होत्या. आज गुरुवार. दुपारपासून तिला शोधायला पाण्यात गळ फिरत होते आणि बाहेर शोधायला पांगलेली माणसंही साहेबांनी परत बोलावली होती. पायरीवर आई बसली होती. रडून रडून तिचा आवाजच गेला होता.

बाई काचेपासून हलेनात.

“उरका की बाई,” हवालदार पुटपुटला. “काचेतून पोर निघणार आहे का?”

बाईंनी त्याला नजरेनेच गप्प केलं. काल त्यांनी मुलीचं घर पालथं घातलं होतं. तिचा पेला, तिची कंपासपेटी, तिची खिडकी. आईचे ठसे ढीगभर, पोरीचा औषधालाही नाही. आणि इथं, भर उन्हातल्या काचेवर, तिचा अंगठा इतका लख्ख!

“साहेब, मोठ्या माणसाच्या कातडीचं तेल मेणासारखं जड असतं. काचेला महिनोन्‌महिने चिकटून राहतं. पण ते वयात आल्यावर सुटायला लागतं. लहान पोरांचं तेल हलकं. उन्हात दिवसभरसुद्धा टिकत नाही.”

“टिकलंय की! समोर दिसतंय ना?”

“तेच तर म्हणतेय मी!” बाईंचा आवाज चढला. पायरीवरच्या आईने मान वर केली. “आधी ते गळ वर घ्या आणि माणसं पुन्हा बाहेर पाठवा. रविवारचा असता तर हा ठसा सोमवारीच उडाला असता. पोर आज सकाळी इथं उभी होती.”