टोचण्याआधीचे तीन प्रश्न

पुण्याहून आलेल्या रिपोर्टात दोनच ओळी कामाच्या होत्या. कॅनामायसिन: जंतू दाद देत नाहीत. अमिकासिन: जंतू दाद देत नाहीत. सगीरा सिस्टरनं कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"म्हणजे पाच महिने आपण सारजामावशींना नुसतं पाणी टोचलं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पाणी असतं तर बरं झालं असतं, सिस्टर. पाण्यानं कान जात नाहीत."

"कान शाबूत आहेत त्यांचे," सगीरा ताडकन म्हणाली. "रोज विचारते मी. चार्ट बघा."

चार्ट खरोखरच बघण्यासारखा होता. टीबीच्या हट्टी जंतूंवर द्यायच्या या इंजेक्शनांचं कूळच असं, की जंतू मारता मारता ती माणसाचे कान आणि मूत्रपिंडही कुरतडतात. गेलेले कान परत येत नाहीत. म्हणून टोचण्याआधी विचारायचं असतं. कान तपासायचं मशीन वॉर्डाच्या कपाटात होतं, पण ते चालवणारा बदली होऊन गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हा सगळी मदार तीन प्रश्नांवर. सिरिंज भरता भरता, मास्कच्या आडून, सगीरा रोज सकाळी त्याच क्रमानं विचारायची. कानात आवाज येतो का? चक्कर येते का? लघवी साफ होते का?

"नाय," सारजाबाई म्हणायची. मग पुन्हा, "नाय." आणि शेवटी, "व्हय, लघवी साफ व्हती."

सगीरा तीन बरोबरच्या खुणा करायची. बाकीच्या सिस्टर घाईच्या दिवशी प्रश्न गिळून टाकायच्या. तिनं एकही दिवस चुकवला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता.

सारजाबाई चितेगावच्या पलीकडच्या वस्तीवरची. तिथं रोज सुई टोचणारं कुणी नाही, म्हणून मुक्काम वॉर्डातच. आली तेव्हा तिनं बोलून बोलून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. लेक आशा पोटुशी आहे, पहिलंच बाळंतपण आहे, तेवढं पार पडेपर्यंत मला उभं ठेवा, मग देवानं खुशाल न्यावं. हे तिनं डॉक्टरांना सांगितलं, झाडूवालीला सांगितलं, जेवणाची गाडी आणणाऱ्यालाही सांगितलं.

दोन महिन्यांनी शेजारच्या खाटेवरच्या लक्ष्मीबाईचे कान वाजायला लागले. बिचारीनं विचारल्याबरोबर सांगून टाकलं. तिची सुई त्याच दिवशी बंद झाली, आणि पुढच्या महिन्यात तिची खाट रिकामी झाली. सगीरा त्या खाटेवरची चादर काढत होती तेव्हा सारजाबाईनं विचारलं होतं, "कान वाजत्यात म्हणलं की सुई बंद करता व्हय?"

"करावीच लागते, मावशी."

"आन् मंग माणूस असा जातो."

सगीरानं चादरीची घडी घातली आणि ती निघून आली.

पुढं पुढं सारजाबाई गप्प होत गेली. सगीराला त्यात नवल वाटलं नाही. या वॉर्डात भली भली बोलकी माणसं मिटतात. आशाचा फोन आला की दोन शब्द बोलायची, तेवढंच. गेल्याच आठवड्यात सगीरा तिला हसली होती. "मावशी, फोन कधीच कटलाय, कुणाशी बोलताय?" सारजाबाईही हसली आणि आणखी थोडा वेळ "व्हय, व्हय" करत राहिली.

"आता काय द्यायचं त्यांना?" सगीरानं विचारलं.

"गोळ्या चालू ठेवू. त्या गोळ्यांत फारसा दम नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सुई आजपासून बंद." डॉक्टरांनी रिपोर्ट फाईलला लावला. "तुमचं ऐकतात त्या. तुम्हीच सांगा."

सगीरा वॉर्डाकडे निघाली. हातात सवयीनं ट्रे आला होता. चालता चालता ती शब्द जुळवत होती. वाईट आधी सांगून टाकायचं, मग कानांचं सांगायचं. रिकाम्या हातानं जाणं तिच्या जिवावर आलं होतं, आणि कानांशिवाय द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आशाचे दिवस भरत आले होते. तोवर मावशी राहिल्या, तर बाळाचं रडणं तरी कानावर पडेल. एवढ्या आधारावर तिनं वॉर्डाचं दार ढकललं.

सारजाबाई उठून बसली होती. ट्रे बघून तिचा चेहरा उजळला.

"मावशी," सगीरा खाटेशी उभी राहून म्हणाली, "आजपासून सुई बंद करायची आहे."

सारजाबाई तिच्या मास्ककडे निरखून बघत होती. मास्क हलायचा थांबला तशी ती म्हणाली, "नाय."

सगीराला वाटलं, बाई सुई सोडायला तयार नाही. "ती तुम्हाला लागूच पडत नव्हती हो. पण तुमचे कान तरी वाचले."

"नाय," सारजाबाई तशाच शांत आवाजात म्हणाली.

सगीरानं ट्रे खाटेच्या कडेवर ठेवला. पाच महिन्यांच्या सगळ्या बरोबरच्या खुणा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. तिनं अगदी हळू विचारलं, "मावशी, मी काय बोलतेय ते ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"व्हय, लघवी साफ व्हती," सारजाबाई म्हणाली, आणि सुईसाठी कुशीवर वळली.