चार दारांचं कोर्ट

जज कॉनलींच्या एका हातात नोटीस होती, दुसऱ्यात हातोडी. ठोकायला दार मात्र नव्हतं.

उत्तरेच्या रिकाम्या चौकटीतून वारा सरळ आत येत होता. जजसाहेब तरातरा दक्षिणेला गेले, मग पूर्वेला, मग पश्चिमेला. चारही दारं गायब. टेक्सासच्या त्या लहानशा काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट बांधताना लोकांनी चार दिशांना चार दारं ठेवली होती, कुठल्याच वस्तीला कोर्टाची पाठ दिसू नये म्हणून. मनोऱ्याचा लाल दगडही घरटी एक गाडी असा त्यांनीच ओढून आणला होता. ते सगळं पाडून सपाट छपराची, गार हवेची इमारत उठवायचं जजसाहेबांच्या डोक्यात बसलं होतं. तिथला जज लोकांनी निवडून दिलेला असतो आणि काउंटीचा कारभारही तोच पाहतो.

पाडायची नोटीस कोर्टाच्या बाहेरच्या दारावर लागली पाहिजे, असा कायदा. मुदतीचा आज शेवटचा दिवस. आज हुकलं तर प्रकरण निवडणुकीनंतरच्या काउंटीच्या नव्या कारभारी मंडळापुढे जाणार, आणि ते एका दगडालाही हात लावू देणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काउंटीची कारकून लोव्हिना प्रुइट टेबलाशी बसून शिक्के मारत होती. 

"दारं कुठायत, लोव्हिनाबाई?"

"सुताराकडे. कुरकुरत होती."

"चारही? एकदम?"

"एकाच वयाची आहेत, साहेब."

चौकटीवर ठोकतो, जजसाहेब म्हणाले. तिने कायद्याचं पुस्तक उघडून त्यातल्या 'दार' या शब्दावर बोट ठेवलं. मग त्यांनी घरी बसवायची धमकी दिली.

"मला तुम्ही नेमलेलं नाही," ती म्हणाली. "लोकांनी निवडून दिलंय. तुमच्यापेक्षा दोनशे मतं जास्त देऊन."

जजसाहेबांनी काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, शेरीफला, फोन लावला. शेरीफ म्हणाला, दारं शोधतो की, पण आधी लेखी तक्रार द्या आणि ती कारकुनाकडे नोंदवा. लोव्हिनाने पाच वाजेपर्यंत ती तक्रार तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तारीख चुकल्याचं सांगून परत केली. चुकलीही होती. रागाच्या भरात साहेब कालचीच तारीख घालत होते.

पाच वाजले. दारांशिवाय कोर्ट उघडं टाकून कसं जायचं? लोव्हिनाने खुर्ची ओढत नेली आणि उत्तरेच्या उंबऱ्यावर आडवी टाकून बसली. अंगणातल्या पिकानच्या झाडाखाली डॉमिनो खेळणारे तीन म्हातारे न बोलावताच उठले आणि एकेक जण एकेका चौकटीत जाऊन बसला. दारं उतरवून त्यांच्या पाठी अजून दुखत होत्या.

"दारं कधी येणार?" मागून जजसाहेबांनी विचारलं.

"सुतारकाम आहे. निवडणूक होईपर्यंत लागेल वेळ."

जजसाहेबांना घरी जायचं होतं. ते दक्षिणेला जाऊन आले, पूर्वेला, पश्चिमेला. शेवटी तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली.

"बाई, जरा वाट देता?"

लोव्हिना उठली नाही. तिने पाय थोडे जवळ घेतले.