करंगळी सोडून

"उजवी करंगळी धरूच नकोस. ती गेली असं समज आणि लिही."

फुंकरचं हे वाक्य मनात घेऊनच संगीतकार रोज सकाळी पियानोशी बसायचा. फुंकर म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, क्लॅरिनेट वाजवणारा. हे नावही संगीतकारानंच ठेवलेलं. करंगळी आखडली म्हणून फुंकरनं वाद्यवृंदातली आपली पहिली खुर्ची सोडली होती. जुनं काहीच आता हाताखाली बसत नाही, म्हणाला.

"मला एक कॉन्चेर्तो लिहून दे. क्लॅरिनेट पुढे, मागे सगळा वाद्यवृंद. नाहीतर ही क्लॅरिनेटची पेटी मी कायमची बंद करतो."

बायको गेल्यापासून संगीतकारानं पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. तो नाहीच म्हणणार होता. पण मित्राची आत मुडपलेली करंगळी दिसली आणि तोंडून "बघतो" निघून गेलं.

काम चिवट होतं. त्या करंगळीकडे क्लॅरिनेटच्या चार चाव्या. तीन डाव्या करंगळीवर कशाबशा भागवता येतात, चौथी नाही. म्हणजे तो सूर साऱ्या रचनेतून गाळायचा आणि डाव्या करंगळीला उडी मारायला उसंतही द्यायची. संगीतकारानं स्वतःची करंगळी शेजारच्या बोटाला दोऱ्यानं बांधली आणि लाटण्यावर बोटं ठेवून एकेक ओळ तपासायला घेतली.

"बाबा, लाटणं मिळेल का? की तेही वाद्यवृंदात घेतलंत?" लेक स्वयंपाकघरातून विचारायची.

"दोन ओळी थांब गं."

ती आनंदानं थांबायची. बाबा कुणाला थांब म्हणताहेत, हेच तिला पुष्कळ होतं.

दर आठवड्याला फुंकर यायचा, नवी पानं वाजवायचा आणि खोड काढायचा.

"इथं करंगळी लागते."

"नाही लागत. मी बांधून बघितलंय."

"बरं बाबा, नाही लागत. पण शेवटचा भाग किती आटोपता घेतलास! पाहुणे उठायच्या आत सतरंजी गुंडाळल्यासारखा."

"तुला दम पुरायला नको?"

"दमाचं मी बघतो. तू लिही."

"डॉक्टरांना दाखवलंस का पुन्हा?"

"दाखवलं. वय झालं म्हणाले. तुझंही झालंय, असा निरोप दिलाय."

कार्यक्रमाच्या दिवशी संगीतकार पहिल्या रांगेत बसला, लेकीशेजारी. त्याची नजर मित्राच्या हातावरून हलेना. मधल्या संथ भागात त्यानं एक चाल घातली होती, बायको भांडी आवरताना गुणगुणायची ती. कुणाला सांगितलं नव्हतं. फुंकरनं ती इतक्या हलक्या श्वासानं वाजवली की लेकीनं बाबांचा हात धरला. करंगळी सबंध वेळ आत मुडपलेलीच होती. एकही सूर अडला नाही. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं.

"निभावलंस रे," संगीतकार पडद्यामागे म्हणाला.

"निभावून तू नेलंस."

"तुझ्यासाठी म्हणून झालं हो. आता बास. उद्यापासून झाकण बंद."

फुंकरनं मित्राची दुमडलेली कॉलर तेवढी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुंकरनं आपल्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या आणि उभ्या आयुष्यात वाजवलेला सगळ्यात अवघड तुकडा भरधाव वाजवला. उजवी करंगळी चारही चाव्यांवर चिमणीसारखी नाचत होती. वाजवून झाल्यावर त्यानं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. वहिनींनी शेवटच्या आजारात त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता, "भाऊजी, यांना लिहितं ठेवा." पायात चपला सरकवून त्यानं उजवी करंगळी मुडपली, थोडा विचार करून डावीही मुडपली, आणि तो मित्राच्या घराकडे चालू लागला.