धाकट्याचं रक्त

"क्रेनवरून उतरावं लागेल तुम्हाला," कारखान्याच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाल्या. "साखर वाढलीय. आणि शरीरात आतून सूज आहे, तीही गेल्या वर्षीपेक्षा जास्त."

थोरल्याला हसूच आलं. ते रक्त त्याचं नव्हतंच मुळी. परवा या खोलीत बाही वर करून बसला होता तो त्याचा जुळा भाऊ, घटकाभराने धाकटा.

अदलाबदलीचा हा उद्योग दोघांचा लहानपणापासूनचा. थोरल्याची तोंडी परीक्षा धाकट्याने द्यायची, धाकट्याचा मार थोरल्याने खायचा. दोघं तापाने पडले तेव्हा खुद्द आईने एकालाच दोनदा औषध पाजलं होतं. गेल्या वर्षीच्या तपासणीत थोरला जेमतेम काठावर सुटला. यंदा सुधारणा नसेल तर क्रेन जाणार आणि गोदामात झाडू हातात येणार, हे त्याला बजावलं होतं. त्याने सिगारेट सोडली, पायी फिरायला लागला, हिरड्यांवर उपचार करून घेतले. तरी मनाची खात्री पटेना. वडील पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले होते, आणि त्यांचं दुखणं आपल्याच वाट्याला आलंय असं त्याने धरून ठेवलं होतं. धाकटा मात्र ठणठणीत. बेकरीत कायमची रात्रपाळी, सिगारेटवर सिगारेट, आणि कधी साधी शिंक नाही. "दादा, मी आहे ना!" म्हणत तो हौसेने सुई टोचून घेऊन आला होता.

"मला तर कधी काही झालं नाही," थोरला धाकट्याच्या वतीने म्हणाला.

"आतली सूज सांगून येत नाही. धूर, जागरणं, दुखऱ्या हिरड्या, यांनी ती वर्षानुवर्षं धुमसत राहते. जनुकं आईवडिलांकडून येतात, ती बदलत नाहीत. पण त्यातली कुठली जागी होणार आणि कुठली झोपून राहणार, यात आपल्या राहणीचाही हात असतो. अहो, जुळी भावंडंसुद्धा वयाबरोबर आतून वेगळी होत जातात." बाईंनी चष्मा काढला. "जिना चढताना छातीवर दाब येतो का?"

थोरल्याचं हसू मावळलं. आज सकाळीच घराच्या जिन्यात धाकटा मध्येच थांबला होता. बुटाची नाडी बांधतो म्हणाला. त्याच्या पायात चपला होत्या.

"येतो," थोरला म्हणाला.

"मग आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे जा." बाई चिठ्ठी लिहू लागल्या.

ती चिठ्ठी घेऊन धाकट्याला पाठवता आलं असतं. आणखी एक अदलाबदल, कुणाला पत्ता लागला नसता. पण थोरल्याला आईचं ते औषध आठवलं. इथे नावाचा घोळ झाला, तर उपचार पुन्हा भलत्याच भावाला व्हायचे.

"बाई, चिठ्ठीवर माझ्या भावाचं नाव घाला. हे रक्त त्याचं आहे. मी फसवलं तुम्हाला."

बाईंनी आधीची चिठ्ठी फाडली. मग त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. निकाल ऐकायला फाटकाबाहेर थांबलेल्या धाकट्याला "मला काय धाड भरलीय!" असं ओरडत असतानाच गाडीत बसवून इस्पितळात नेलं. थोरल्याचं रक्त बाईंनी स्वतः काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं. धाकट्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडली होती आणि तो नर्सशी वाद घालत होता, म्हणजे बरा होता. थोरल्याची साखर ताब्यात आली होती, सूजही उतरली होती.

"फसवणुकीचं मला वर कळवावं लागलं," बाई म्हणाल्या. "तुमची नोकरी गेली. स्वतः आला असतात तर सहज पास झाला असतात हो."

"मी आलो असतो," थोरला म्हणाला, "तर तो आला नसता."