सत्काराची शाल

रणजीतच्या राजकीय थरारक कादंबऱ्या हातोहात खपायच्या. धाकट्या भावाला चाकणच्या रस्त्यावर चिरडून गेलेली गाडी कधी सापडलीच नाही, म्हणून नव्या कादंबरीत त्यानं अंदाजानं टँकर घातला आणि तो पाठवणारा पुढारी, ज्यांच्यावर त्याचा संशय होता त्या आमदार तात्यासाहेबांसारखा हुबेहूब रंगवला. पुस्तक वाचून तात्यासाहेब खवळतील, कोर्टात खेचतील, मग सगळं बाहेर येईल, असा त्याचा हिशेब होता. तात्यासाहेबांनी त्याचा पिंपरीत जाहीर सत्कारच ठेवला. "यातला व्हिलन म्हणजे मीच बरं का, राव!" ते माईकवरून म्हणाले आणि सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या रणजीतच्या आईनंही टाळ्या वाजवल्या. शाल पांघरवताना ते त्याच्या कानाशी वाकले. "एक चूक राहिलीय बघा. टँकर नव्हता, डंपर होता." रणजीतला काहीच वाटलं नाही. शाल सावरत, चूक दाखवणाऱ्या वाचकांना नेहमी म्हणायचा तेच म्हणाला, "धन्यवाद. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."