बंद कॉकातली फुंकर

जुन्या मोटरसायकलचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, गळत होता. सातव्या महिन्यातली सून त्याच गाडीवरून डॉक्टरकडे जायची, म्हणून मुलाबरोबर मीही कट्टा गावातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने चकचकीत कॉक पुढे केला. “ओरिजनल आसा, काकी!” मुलाने लगेच पाकीट काढले. मी कॉक बंद केला, तोंडात धरून फुंकला. बंद कॉकातून फुंकर खुशाल पलीकडे गेली. दुसराही तसाच, तिसराही. “आये, तोंडात काय घालतंस गो? लोक बघतत!” “रॉकेलची नळी तोंडान ओढून तुका वाढवलंय. माझी लाज वाटता, ह्या भंगाराची वाटना नाय?” मी गाडीचाच जुना पितळी कॉक काढायला लावला, त्यात नवे रबर घालून घेतले. फुंकला. गाल फुगले, फुंकर अडली. जिभेवर पेट्रोल आले, शी! दुकानदाराने चूळ भरायला पाणी दिले. ती चूळ मी त्याच्या तिन्ही ओरिजनलांवर टाकली.